उकिरडा कुणाच्या दारात?

(युवक शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मी कविता म्हणणार नाही. कचऱ्यावर बोलणार आहे. काहीजण हसतील. हसा. कवी चंद्रावर बोलला की टाळ्या पडतात. गोदीतला हमाल कचऱ्यावर बोलला की लोक नाकाला रुमाल लावतात. पण या देशात कचऱ्याला जात आहे. तो कुणाच्या हातानं उचलला जातो आणि कुणाच्या दारात पडतो, हे शतकानुशतकं ठरलेलं आहे. म्हणून कचऱ्याचं शास्त्र आपल्याला आलंच पाहिजे. ज्याच्या दारात घाण पडते त्यानं निव्वळ बोंब मारून भागत नाही. घाण कुठं पडावी, कशी गाडावी, किती खोल गाडावी हे त्याला सांगता आलं पाहिजे. नाहीतर सरपंच म्हणतो, "बरं बाबा, तू सांग कुठं टाकू?" आणि आपण गप्प बसतो.

तुमच्या गावाचा नकाशा डोळ्यापुढं आणा. वर देऊळ, चावडी, पाटलाचा वाडा. खाली उताराला आपली वस्ती. गावाची मोरी जिकडं उतरते तिकडं महारवाडा, मांगवाडा. मेलेलं ढोर ओढायचं आपण, चावडी झाडायची आपण. ही कामं वतन म्हणून आपल्या गळ्यात बांधली होती. ते वतन कायद्यानं मोडायला १९५८ साल उजाडावं लागलं. वतन गेलं. उतार मात्र आहे तिथंच आहे, आणि घाण उताराकडंच वाहते.

पूर्वी गावचा उकिरडा म्हणजे शेण, राख, पालापाचोळा. वर्षातनं एकदा गाडी भरून शेतात जायचा. त्याचं सोनं व्हायचं. आता बघा. गुटख्याच्या पुड्या, शाम्पूच्या पुड्या, कुरकुऱ्यांच्या पिशव्या, औषधफवारणीच्या बाटल्या, बाळांची डायपर, पॅड, सेल, ट्यूबलाइट, दवाखान्यातल्या सुया. शहराचा बाजार गावात घुसला. माल विकून गेला आणि वेष्टण ठेवून गेला. हा उकिरडा शेतात टाकता येत नाही. मग गाव काय करतं? ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भरतं आणि वस्तीच्या मागं, ओढ्याच्या काठाला, नाहीतर स्मशानाजवळ ओततं. आपल्याच स्मशानाजवळ, बरं का. वरच्यांच्या नव्हे. मग कुणीतरी काडी लावतो. धूर कुणाच्या घरात जातो हे मी सांगायला नको.

आता तुम्ही म्हणाल, आपण तर शहरात राहतो, चाळीत, झोपडपट्टीत. आपल्याला गावच्या खड्ड्याचं काय? मग देवनार बघा. १९२७ सालापासून मुंबईचा कचरा तिथं पडतोय. हे १९२७ साल लक्षात ठेवा. त्याच वर्षी मार्चमध्ये बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. इकडं माणसं पाण्यासाठी माणूस म्हणून उभी राहत होती, तिकडं शहर आपला उकिरडा खाडीकाठी रचायला लागलं होतं. त्याच्या सावलीत वस्त्या कुणाच्या वाढल्या? गरिबांच्या. दलितांच्या, मुसलमानांच्या, गावातनं हाकललेल्यांच्या. २०१६ च्या जानेवारीत तो डोंगर पेटला आणि दिवसेंदिवस धुमसत राहिला. शाळा बंद ठेवाव्या लागल्या. आणि २०२४ साली सरकारनं धारावीतल्या लोकांच्या पुनर्वसनासाठी याच डम्पिंगच्या जमिनीचा तुकडा देण्याचा निर्णय केला. कचऱ्याच्या शेजारी माणसं ठेवून झाली, आता कचऱ्यावर ठेवायची. तेव्हा गावचा खड्डा आणि शहरचा डोंगर एकाच हातानं रचलेला आहे. फरक फक्त उंचीचा.

आता मुद्द्यावर येतो. शास्त्रोक्त भरावभूमी म्हणजे काय? इंग्रजीत तिला सॅनिटरी लँडफिल म्हणतात. नुसता खड्डा खणून कचरा ओतला की ती भरावभूमी होत नाही. तो उकिरडाच. फक्त खोल.

अमेरिकेत कॅलिफोर्नियात फ्रेस्नो नावाचं गाव आहे. तिथं १९३७ साली जीन व्हिन्सेन्झ नावाच्या पालिकेच्या अधिकाऱ्यानं एक पद्धत बसवली. लांब चर खणायचा. कचरा त्यात थराथरानं पसरायचा. यंत्रानं दाबायचा. आणि रोजच्या रोज मातीनं झाकायचा. उंदीर नाही, माशी नाही, आग नाही. जगभर हीच पद्धत पुढं गेली. २००१ साली अमेरिकेनं त्या जागेला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा मान दिला. पण गोष्ट इथं संपत नाही. तीच जागा १९८९ साली अमेरिकी सरकारच्या अत्यंत दूषित जागांच्या यादीतही गेली होती. का? वरून झाकलं, पण खाली अस्तर नव्हतं. कचऱ्यातनं विष झिरपलं आणि भूजलात उतरलं. वायू आजूबाजूच्या जमिनीत पसरला. ध्यानात ठेवा, वरून दिसत नाही ती घाण संपलेली नसते. ती खालून चालत असते, विहिरीकडं.

म्हणून भरावभूमीचे तीन शत्रू ओळखा. पाणी, वायू आणि आळस.

पाण्याचा हिशोब करू. एका गुंठ्यावर एक इंच पाऊस पडला की अडीच हजार लिटर पाणी होतं. पावसाळ्यात सातशे मिलिमीटर पडला तर एका गुंठ्यावर सत्तर हजार लिटर. हे पाणी उघड्या कचऱ्यातनं गाळलं गेलं की काळा, उग्र वासाचा रस बनतो. साहेब लोक त्याला लीचेट म्हणतात. आपण कचऱ्याचं काळं पाणी म्हणू. हे पाणी जितकं कमी तयार होईल तितकी भरावभूमी चांगली. त्यासाठी एका वेळी खड्ड्याचं तोंड लहान उघडायचं आणि चहूबाजूंनी चर खणून वरचं पावसाचं पाणी बाहेरच्या बाहेर वळवायचं.

वायूचा हिशोब असा. ओला कचरा हवेवाचून कुजला की मिथेन होतो. हवेत तो ५ ते १५ टक्के झाला की ठिणगी पुरते. म्हणून भोकं पाडलेले पाइप खडीत उभे करून वायूला वाट द्यावी लागते. आणि मुळात ओला कचरा खड्ड्यात जाऊच द्यायचा नाही.

आळसाचा हिशोब तुम्हाला माहीत आहे. उद्घाटनाला आमदार येतो, नारळ फुटतो, फोटो निघतो. सहा महिन्यांनी माती टाकायला पैसे नाहीत, ट्रॅक्टर पंचायत सदस्याच्या शेतात, आणि भरावभूमीचा परत उकिरडा. कचऱ्याचे प्रकल्प बहुतेक असेच मरतात. बांधकामात टक्केवारी मिळते, देखभालीत काय मिळणार? म्हणून देखभाल कुणालाच नको असते.

आता आकडेमोड. घाबरू नका. मी मॅट्रिक पास आहे, मला जमली तर तुम्हाला जमेल. समजा गाव २००० वस्तीचं. माणशी रोज २०० ग्रॅम कचरा धरू. रोजचा झाला ४०० किलो. त्यातला साठ टक्के ओला धरू, म्हणजे २४० किलो. तो खताच्या खड्ड्यात. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या पांढरीपांडे काकांनी काढलेलं नाडेप टाकं आहेच, दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच, विटांत भोकं ठेवलेलं. विकण्याजोगं भंगार वीस टक्के धरू. ८० किलो. ते भंगारवाल्याकडं. उरला ८० किलो. खड्ड्यात जायचा तो एवढाच.

रोज ८० किलो म्हणजे वर्षाला २९ टन. नीट दाबला तर एका घनमीटरात ५०० किलो बसतो असं धरा. म्हणजे वर्षाला ५८ घनमीटर. वर चौथाई माती. झाले ७३. वीस वर्षांचे १४६० घनमीटर. तीन मीटर खोल भरलं तर जागा लागते साधारण पाच गुंठे. चर, रस्ता, झाडांचा पट्टा, काळ्या पाण्याचं टाकं, शेड हे सगळं धरून अर्धा एकर.

आता दुसऱ्या बाजूनं बघा. कचरा वेगळाच केला नाही, सगळाच खड्ड्यात ओतला, तर पाचपट जागा. नुसता खड्डाच चोवीस-पंचवीस गुंठ्यांचा. म्हणजे वरच्या आळीतल्या बाईसाहेबांनी दोन डबे ठेवायचा कंटाळा केला, की खालच्या आळीतली वीस गुंठे जमीन जाते. वर्गीकरण, वर्गीकरण म्हणून जे रेडिओवर ओरडतात त्याचा आपल्या भाषेत अर्थ हा आहे. ज्याचा कचरा त्याच्या घरात वेगळा झाला पाहिजे. तो आपल्या हातानं, आपल्या नखांनी, खड्ड्यावर बसून वेगळा करायचा नाही.

माझे आकडे धरून चालू नका. तुमच्या गावात आठ दिवस काटा लावून वजन करा. ज्याच्याकडं स्वतःचा आकडा असतो त्याला बीडीओ साहेब उडवून लावू शकत नाही.

आता सगळ्यात मोठा सवाल. खड्डा कुठं?

केंद्र सरकारच्या २०१६ च्या घनकचरा नियमांत भरावभूमीची मापं दिली होती. नदीपासून १०० मीटर. तळ्यापासून २०० मीटर. हमरस्ता, वस्ती, पिण्याच्या पाण्याची विहीर यांच्यापासून २०० मीटर. तळाच्या अस्तराखाली किमान दोन मीटरपर्यंत भूजल नको, आणि तेही पाणी सगळ्यात वर असतानाची पातळी धरून. ते नियम मुख्यतः शहरांसाठी लिहिले होते. गावचा पुढारी म्हणेल, आम्हाला लागू नाहीत. त्याला विचारा, गावातलं पाणी शहरातल्या पाण्यापेक्षा वेगळं झिरपतं काय? मीटर तोच, विष तेच.

"वस्तीपासून २०० मीटर" म्हटलं की कुठली वस्ती मोजतात? गावठाणाच्या हद्दीपासून मोजतात. आपली वस्ती कैक ठिकाणी गावठाणाच्या नकाशात धड दाखवलेलीच नसते. पारध्यांची पालं, वडारांच्या झोपड्या, कातकऱ्यांच्या खोपी तर कागदावर नाहीतच. म्हणून टेप घेऊन स्वतः मोजा. शेवटच्या घराच्या उंबऱ्यापासून मोजा. आणि तो उंबरा आपल्या जातीचा नसला तरी मोजा. आपल्या दारातला उकिरडा उचलून पारध्याच्या पालापाशी टाकला, तर तो आपला विजय नव्हे. आपणही गावच झालो असा त्याचा अर्थ.

भूजल कधी बघायचं? इथं एक लबाडी चालते. पाहणी मे महिन्यात करतात. मे महिन्यात महाराष्ट्रातला कुठला खड्डा कोरडा नसतो? पाणी बघायचं पावसाळा संपताना, सप्टेंबर-ऑक्टोबरात. त्या वेळी जवळच्या विहिरींत दोरी सोडा, हात मोजा, वहीत लिहा. भूजल सर्वेक्षण यंत्रणेकडं निरीक्षण विहिरींच्या नोंदी असतात, त्या मागवा. माहितीचा अधिकार २००५ सालापासून आहे. तो काही पेन्शनीत निघालेल्यांसाठीच केलेला नाही.

आणि खडक बघा. आपल्याकडं काळा कातळ, त्याला चिरा. मुरमाड जमिनीत पाणी चाळणीतनं जावं तसं जातं. काळी माती ओली असताना पाणी धरते, पण उन्हाळ्यात भेगाळते, हात जाईल एवढी. म्हणून नुसती काळी माती अंथरली की झालं, हे खोटं. त्या नियमांत तळाला ९० सेंटिमीटर दाबलेली चिकणमाती आणि वर दीड मिलिमीटर जाडीचा एचडीपीई प्लास्टिकचा कागद सांगितला होता. अस्तर उन्हात उघडं ठेवायचं नाही, खाली टोकदार दगड ठेवायचा नाही. तळाला उतार, उताराला खडीतला पाइप, पाइपाच्या टोकाला पक्कं टाकं. काळं पाणी तिथं जमा व्हायला हवं, ओढ्यात नव्हे.

मग पंचायत कुठली जमीन दाखवते? गायरान. दोस्तांनो, इथं कान टवकारा. गायरानावर कोण आहे? भूमिहीन दलित, आदिवासी, भटके. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी १९५९ साली आणि पुन्हा १९६४-६५ साली भूमिहीनांचे सत्याग्रह केले, हजारोंनी माणसं तुरुंगात गेली, ती याच जमिनीसाठी. मराठवाड्यात किती घरांनी गायरानावरचा दगड वेचून ज्वारी काढली. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयानं १४ एप्रिल १९९० पर्यंतची दलित-आदिवासींची अतिक्रमणं नियमित करायचं ठरलं. पण सातबाऱ्यावर नाव चढलं किती जणांचं? जे लटकत राहिले त्यांना उठवायला आता नवा बहाणा आहे, "सार्वजनिक हिताचा घनकचरा प्रकल्प". गावाच्या आरोग्यासाठी आमच्या पोटावर खड्डा. म्हणून जागेचा ठराव आला की पहिला सवाल विचारा. हा गट नंबर कसतो कोण?

आपल्या हाताशी कायदा आहे. अॅट्रॉसिटी कायदा १९८९ चा, दुरुस्ती २०१५ ची. दलित-आदिवासीच्या घरात किंवा घराच्या दारात विष्ठा, सांडपाणी, मेलेलं जनावर किंवा घाण टाकणं गुन्हा आहे. त्यांच्या शेजारात अपमान करण्याच्या, त्रास देण्याच्या हेतूनं कचरा टाकणं हाही गुन्हा आहे. मेलेलं ढोर ओढायला लावणं गुन्हा आहे. पण हेतू सिद्ध करायला कागद लागतो. म्हणून ग्रामसभेत लेखी पर्याय द्या. "ही दुसरी जागा आहे, वस्तीपासून इतकी लांब, पाणी इतकं खोल." तरीही त्यांनी आपल्याच वस्तीशेजारची जागा धरली, तर ते इतिवृत्तात लिहून घ्या. आपली बाजू मांडताना तो कागद बोलेल.

आता चालवायचं कसं ते सांगतो. जहाजाच्या पोटात माल रचताना एक गोष्ट शिकतो आपण. पोकळी ठेवायची नाही. पोकळी राहिली की माल सरकतो, माणूस चेंगरतो. खड्ड्याचंही तेच. उरलेला कोरडा कचरा शेडमध्ये झाकून ठेवायचा. ठरलेल्या दिवशी खड्ड्याच्या एकाच कोपऱ्यात अर्धा मीटर थर पसरायचा. ट्रॅक्टरच्या रोलरनं तीन-चार फेऱ्या, रोलर नसेल तर धुमसानं दाबायचा. आणि त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत, किमान दहा सेंटिमीटर माती. उद्यावर ढकलायचं नाही. चर खणताना निघालेली माती काठावर राखून ठेवायची, ती विकायची नाही. पुढारी मुरूम विकतात आणि मग झाकायला माती नाही म्हणतात. पावसाळ्याआधी जाड थर, चाळीस ते पासष्ट सेंटिमीटर, उतार देऊन. एक कप्पा भरला की वर साठ सेंटिमीटर चिकणमाती, मग पाणी निघून जायला खडीचा थर, मग पंचेचाळीस सेंटिमीटर चांगली माती आणि गवत. खोल मुळाची झाडं त्याच्यावर लावायची नाहीत.

पेटवायचं नाही. गरम राख टाकायची नाही. दवाखान्याच्या सुया, कीटकनाशकाच्या बाटल्या, सेल या खड्ड्यात नाहीत. त्यांची वाट वेगळी. कुंपण पाहिजे, नाहीतर गुरं येतात आणि प्लास्टिक खाऊन मरतात. वही पाहिजे. आज किती आला, किती गाडला, माती टाकली का, सही कुणाची. आणि खड्ड्याच्या वरच्या अंगाला एक, खालच्या अंगाला दोन अशा विहिरींचं पाणी वर्षातनं निदान दोनदा तपासायचं. अहवाल चावडीवर आणि आपल्या समाजमंदिरावर, दोन्हीकडं लावायचा. भरल्यावरही सुटका नाही. पुढची पंधरा वर्षं लक्ष ठेवायचं, असं त्या नियमांतच होतं.

पैशाचं काय? २०२० साली स्वच्छ भारतच्या दुसऱ्या टप्प्यात ५००० वस्तीपर्यंतच्या गावाला घनकचऱ्यासाठी माणशी ६० रुपयांपर्यंत ठरवले होते. २००० वस्तीला झाले एक लाख वीस हजार. एवढ्यात शेड होते, खताची टाकी होतात. अस्तराची भरावभूमी होत नाही. म्हणून शहाणपण यात आहे की चार-सहा गावांनी मिळून एक करावी आणि खर्च वाटून घ्यावा. पण मग सवाल उठतो, चारातल्या कुठल्या गावात? आणि त्या गावाच्या कुठल्या अंगाला? फिरून फिरून आपण नकाशावरच येतो.

आणि राबणार कोण? हा सवाल मी मुद्दाम मागं ठेवला. जाहिरात निघत नाही. ग्रामसेवक सरळ वस्तीत येतो आणि म्हणतो, "तुमच्यातली दोन पोरं द्या." तुमच्यातली! इंजिनिअर लागला की तुमच्यातला चालत नाही, घमेलं उचलायला मात्र तुमच्यातलाच. आपल्या राज्यात लाड-पागे समितीच्या शिफारशींमुळं सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी मिळते. मी तिला शिव्या देणार नाही, त्या भाकरीवर कैक घरं उभी आहेत. पण बापाच्या मागं पोराला झाडूच का मिळावा, हे विचारायचं थांबवू नका. २०१६ साली गुजरातमध्ये उना इथं मेलेल्या गाईचं कातडं काढणाऱ्या पोरांना बांधून मारलं. तेव्हा तिथल्या दलितांनी काय केलं? सुरेंद्रनगरला मेलेली ढोरं कलेक्टर कचेरीसमोर आणून टाकली. तुमची गाय, तुम्ही उचला. त्या एका कृतीनं सगळ्या देशाला कळलं की गाव कुणाच्या हातावर चालतं.

म्हणून मागणी अशी ठेवा. खड्ड्यावरची जागा जाहिरातीनं भरा, सगळ्या जातींना खुली. किमान वेतन बँकेत, प्रॉव्हिडंट फंड, गमबूट, हातमोजे, धनुर्वात आणि कावीळ-ब ची लस, कामानंतर अंघोळीला पाणी आणि साबण. आणि मुकादम, हिशोबनीस, ट्रॅक्टर चालक या जागांवर आपली पोरं-पोरी. फावड्यावर आपण आणि वहीवर ते, ही वाटणी बंद. वही ज्याच्या हातात, खड्डा त्याच्या ताब्यात.

काहीजण म्हणतील, बाबासाहेबांनी गाव सोडायला सांगितलं, घाण कामं सोडायला सांगितली, आणि हा परत कचऱ्यात उतरवतोय. दोस्तांनो, मी तुम्हाला घमेलं उचलायला सांगत नाही. नकाशा उचलायला सांगतोय. आपण गाव सोडलं, पण म्हातारी आई तिथंच आहे आणि ती त्याच हापशाचं पाणी पिते. त्या हापशाच्या वरच्या अंगाला काय गाडलं जाणार आहे, हे ठरवणाऱ्या बैठकीत आपलं कुणी नसेल तर कविता लिहून काय उपटणार आहोत?

एक शेवटची हकीकत सांगतो. १९६६ साली अमेरिकेत ओकलंडला ब्लॅक पँथर उभी राहिली. १९७२ साली मुंबईत दलित पँथरनं तिच्यावरून नाव घेतलं. नाव घेतलं तसा एक धडाही घ्या. नॉर्थ कॅरोलिनात वॉरेन परगणा आहे. शेतकरी, गरीब, बहुसंख्य काळे. १९७८ साली तिकडं लबाडांनी पीसीबी नावाचं विषारी तेल दोनशेहून जास्त मैल रस्त्यांच्या कडेला चोरून ओतलं. ती माती खरवडून कुठं गाडायची? सरकारनं वॉरेनमधलं ॲफ्टन निवडलं. पन्नास फूट खाली पाणी असावं असा नियम होता. तिथं पाणी कितीतरी वर होतं, लोक विहिरीचं पाणी पीत होते. सरकारनं नियमालाच सूट दिली. १९८२ च्या सप्टेंबरात ट्रक सुरू झाले आणि माणसं रस्त्यावर आडवी पडली. पाचशेच्या वर अटका झाल्या. तरी ट्रक आले. खड्डा भरला गेला. लोक हरले.

हरले? थांबा. १९८३ साली अमेरिकी सरकारच्याच हिशोब तपासनीसांनी दक्षिणेतल्या एका विभागात विषारी कचऱ्याच्या चार भरावभूमी तपासल्या. चारातल्या तीन काळ्यांच्या वस्तीत निघाल्या. १९८७ साली तिथल्या एका चर्च-संघटनेनं देशभराचा अभ्यास छापला, आणि विषारी कचरा आणि वंश यांचं नातं आकड्यांनी मांडलं. इकडं वॉरेनच्या लोकांनी पाठ सोडली नाही. १९९३ साली खुद्द सरकारनं कबूल केलं की भरावात पाणी साचलंय. लोकांनी आपल्या बाजूचे शास्त्रज्ञ मागून घेतले आणि समितीत बरोबरीनं बसले. शेवटी २००३ च्या सुमाराला सरकारला ती माती उकरून तिच्यातलं विष काढावं लागलं. वीस वर्षं लागली. रस्त्यावर आडवं पडल्यानं जग जागं झालं, आणि पाण्याची पातळी वाचता आल्यानं सरकार नमलं. दोन्ही लागतं, दोस्तांनो. एकट्यानं भागत नाही.

म्हणून या शिबिरातनं जाताना प्रत्येकानं एक काम घेऊन जायचं. दिवाळीला गावी जाल. दिवाळी म्हणजे पावसाळा नुकताच संपलेला, पाणी वर. एक टेप, एक दोरी, एक वही बरोबर न्या. वस्तीतल्या शेवटच्या उंबऱ्यापासून उकिरड्यापर्यंत मोजा. विहिरीत दोरी सोडा. ओढा कुठून कुठं जातो ते काढा. गट नंबर लिहा, कसतो त्याचं नाव लिहा. पोरं-पोरी जमवून आठ दिवस कचरा तोला. आणि जानेवारीच्या ग्रामसभेत हा कागद टेबलावर आपटा. सही घ्या, पोच घ्या. पोच दिली नाही तर टपालानं पाठवा.

वीस गावांचे असे वीस नकाशे आपल्याकडं जमले, की मग मोर्चा काढू. तेव्हा आपल्या हातात निळा झेंडा असेल, आणि झेंड्याच्या दांड्याला गुंडाळलेले नकाशे असतील.

जयभीम.